विसांतल्या माझ्या जागा

११ मार्च, सोमवार
माझं या लॅबमध्ये कुणी ऐकत नाही. लॅब सुनेची असेल, काउंटर माझं आहे. सकाळी सगळे कॉम्प्युटर अडले. पडद्यावर एकच वाक्य, कनेक्शनची मर्यादा संपली. रक्ताचे रिपोर्ट निघेनात. समोरच्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाईंनी सुनेला बजावलं, पुन्हा उशीर झाला तर आमचे नमुने दुसऱ्या लॅबला. सून रडकुंडीला.

दुपारी सॉफ्टवेअरवाला आला. म्हणे डेटाबेसमध्ये एका वेळी वीसच कनेक्शन मावतात. उघडलेली एकेक खिडकी म्हणजे एक कनेक्शन, आणि काम न करता बसलेलीही जागा अडवते. विसाची पन्नास कर म्हटलं, तर मशीनला झेपणार नाही म्हणे. कामचुकार. पण मुद्दा मला लगेच कळला. जागा कमी, गर्दी फार.

माझा संशय रक्त काढणाऱ्या बाईवर.

१२ मार्च, सकाळी
निश्चय. आपल्या माणसांसाठी जागा आधीच धरायच्या. कुणी यायच्या आत पंधरा खिडक्या उघडून बसले, बसमध्ये रुमाल टाकतात तशा. सुनेला लागली की देईन.

दहा वाजता पुन्हा अडलं. मी धरल्या नसत्या तर काय झालं असतं?

१३ मार्च
सॉफ्टवेअरवाल्यानं रिकाम्या जागा तोडल्या. नेमक्या माझ्याच. मी परत उघडल्या, वर दोन जास्तीच्या. आता म्हणे दहा मिनिटं हालचाल नसली की आपोआप तुटणार. तुटू देते होय? प्रत्येक खिडकीत फिरून टिचक्या मारत बसले. मान धरली, चहा गार झाला. एकही जागा सोडली नाही.

१४ मार्च
एका तान्ह्या बाळाचा तातडीचा रिपोर्ट. सून आतून ओरडतेय, जागा मिळत नाही. थांब, देते म्हटलं. पण कुठली बंद करावी ठरेना. बंद केली आणि रक्तवालीनं पटकावली तर? शेवटी सुनेनं रिपोर्ट हातानं लिहिला आणि रस्ता ओलांडून पळाली. उशीर झालाच. बाळ बरं आहे.

१५ मार्च
सॉफ्टवेअरवाल्यानं माझ्या खुर्चीमागे उभं राहून खिडक्या मोजल्या. मग म्हणाला, "आजी, विसांतल्या सतरा तुमच्याच आहेत."

म्हटलं, "धरल्या म्हणून तर राहिल्या."

सून आतून आली. माझा माऊस काढून घेऊन गेली.

हॉस्पिटलचे नमुने आजपासून दुसरीकडे. वीसच्या वीस जागा मोकळ्या पडल्यात. घ्या म्हणावं आता हव्या तेवढ्या.

डॉक्टरीणबाई उशिराचं कारण विचारायला फोन करणार आहेत. तो सुनेनं उचलावा आणि उत्तर तिनंच द्यावं. मी अडाणी बाई, मला कनेक्शनमधलं काय कळतंय.