साच्याला तेल, हाताला नाही

३ मार्च

पोचले एकदाची! दोन बॅगा, शिलाई मशीन आणि मी, असे आम्ही चौघे टॅक्सीतून उतरलो. ताई फाटकातच उभी होती. मला बघून तिने चक्क उडी मारली. पन्नाशीची बाई! मी हसून हसून दमले.

शिवणाचं दुकान बंद पडल्यापासून तीन महिने मी घरात माश्या मारत बसले होते. मग ताईचा फोन आला: इकडे ये, माझ्याबरोबर काम कर, खोली आहे, जेवण आहे, मी आहे. आई गेली तेव्हा मी आठ वर्षांची होते आणि धाकटी चिमी रांगत होती. दोघींना ताईनेच वाढवलं. सुईत दोरा ओवायला मी तिच्याच मांडीवर बसून शिकले. तिने बोलावलं आणि मी गेले नाही असं कधीच झालेलं नाही.

घर बैठं आहे. मागच्या अंगणात तिचा कारखाना, म्हणजे पत्र्याची शेड, वाळूचा ढीग, सिमेंटच्या गोण्या आणि जिकडेतिकडे काँक्रीटची मंडळी. बेडूक, बदकं, कासवं, पाखरांच्या पाण्याची भांडी, छोटी कारंजी. लोक बागेत ठेवायला नेतात. भावोजी लांब नोकरीला असतात. पुढच्या खोलीत ताईच्या सासूबाई लोकर विणत असतात. ऐंशी उलटली, पण सुया अशा चालतात की माझ्यासारख्या शिंपिणीने लाजावं.

ताईच्या उजव्या हातात कापडी मोजा आहे. सिमेंटने कातडी खाल्ली म्हणाली. डॉक्टरला दाखव म्हटलं, तर म्हणाली, आता तू आलीस ना.

५ मार्च

आज पहिला धडा. वाळूचा गोल ढीग थापायचा, त्यावर प्लॅस्टिक, त्यावर सुपाएवढं पान पालथं घालायचं. पानाला तेलाचा हात फिरवायचा. मग एक वाटा सिमेंट, तीन वाटे वाळू, पाणी बेताचं, आणि पान झाकेल असं लिंपायचं. दोन दिवसांनी उलटं केलं की पाखरांसाठी पानाच्या आकाराची परडी तयार. मी हातमोजे घालून कोपरापर्यंत माखले. लहानपणी चिखलात खेळले म्हणून ताईनेच मला बडवलं होतं, याची तिला आठवण करून दिली.

इथे एक रीत आहे. वरचा थर बोट रुतेल इतपत ओला असताना, जिने वस्तू केली तिने त्यावर उजवा पंजा दाबायचा. उलटल्यावर तो तळाशी जातो, कुणाला दिसतही नाही. मी हातमोजा काढला आणि पानासारखंच पंज्यालाही तेल लावू लागले, तर ताईने माझं मनगट घट्ट धरलं. साच्याला तेल, हाताला नाही, म्हणाली. मी म्हटलं, अगं, मी चिकटून बसले तर? ती हसली नाही.

दाबला. गार, मऊ, बरं वाटलं. दुपारी ताईने आपल्या मोज्याची करंगळी कात्रीने कापून टाकली. उकडतं म्हणाली.

७ मार्च

पान सोललं! एकेक शीर उमटली आहे. मी अंगणात नाचले. आता परडी आठवडाभर ओल्या गोणपाटाखाली ठेवायची, सावकाश सुकली की तडा जात नाही.

माझी करंगळी मात्र बधिर झाली आहे. ताई म्हणाली की सिमेंटचा चुना बाधतो, व्हिनेगरच्या पाण्याने धू. धुतली.

८ मार्च

कासव आणि बेडूक, दोन्ही एकाच दिवसात. साच्याला बाहेरून लाकडाने ठोकत राहायचं, म्हणजे हवेचे बुडबुडे वर येतात. नाहीतर कासवाला देवीचे व्रण! जुन्या बदकाला ताक फासलं, त्याने शेवाळ लवकर धरतं. मी म्हटलं, आम्हाला ताक मिळत नाही आणि बदकाची चैन. सासूबाईसुद्धा हसल्या.

तळाशी दोन पंजे. कालवताना हातमोजे घालायला हरकत नाही, पण पंजा उघडाच हवा म्हणे.

ताईच्या मोज्याची आणखी दोन बोटं आज कापली गेली. तिने जेवताना घास स्वतःच्या उजव्या हाताने घेतला आणि तिचे डोळे भरून आले. मी विचारलं तर म्हणाली, तिखट लागलं.

१० मार्च

आता करंगळी, तिच्याजवळचं बोट आणि मधलं, तिन्ही गेली. डॉक्टरांनी मलम दिलं. सूज आहे, विश्रांती घ्या म्हणाले. सूज कसली? बोटं उलट बारीक आणि राखाडी झाली आहेत.

जरा शिवायला बसले. मशीनची सुई मधल्या बोटात घुसली. रक्त नाही. दुखलं नाही. टक् असा आवाज आला आणि सुई मोडली.

ताईला दाखवलं. तिने बोट हातात घेतलं, फुंकर घातली, अगदी लहानपणी घालायची तशी. मग म्हणाली, परवा कारंजं घालायचं आहे, तेवढं झालं की आराम कर.

१२ मार्च

कारंज्याची दोन भांडी, म्हणून दोन पंजे. मला नको होतं. स्पष्ट सांगितलं, हात बरा होऊ दे. ताई नुसती माझ्याकडे बघत राहिली. लहानपणी चिमीला ताप आला की मी तिला मांडीवर घेऊन बसायचे, तेव्हाही ताई माझ्याकडे अशीच बघायची. तिचा शब्द मोडायची मला सवयच नाही.

दाबले दोन्ही.

१४ मार्च

डाव्या हाताने लिहितेय. अक्षर बघून हसू नका. तर्जनी आणि अंगठाही गेला. पंजा टेबलावर ठेवला की आपटल्याचा आवाज येतो.

सकाळी कारंजं साच्यातून निघालं, पाणी भरून पातळीला खूण केली होती. गळत नाही. वा.

ताईने मोजा टाकून दिला. तिचा हात गुलाबी आहे. एक व्रण नाही.

१५ मार्च

ताई सिमेंट आणायला गेली होती. मी अंगणातल्या वस्तू एका हाताने उलट्या करत सुटले. बदकांच्या तळाशी ताईचा रुंद पंजा. तिचा वाकडा अंगठा मी कुठेही ओळखेन. त्याहून जुन्या, शेवाळलेल्या कुंड्यांखाली लांब, किडकिडीत बोटं.

तशीच बोटं पुढच्या खोलीत लोकर विणत होती.

सासूबाईंना विचारलं. त्यांनी सुया थांबवल्या नाहीत. म्हणाल्या, "अकरा वर्षं माझा हात दगड होता. मग सून आली." ओळ संपवून म्हणाल्या, "वाईट वाटतं गं. पण चारच दिवस."

१६ मार्च

ताईने नाकारलं नाही. निदान खोटं तरी बोलायचंस. रडली. एक पंजा, एक बोट, असं ठरलेलं आहे म्हणाली. म्हणाली, तू लहान आहेस, तुला सोसेल. मी घर सोडून गेले तरी हात असाच राहणार, दुसऱ्या कुणी इथेच पंजे उमटवले तरच सुटेल.

मला वाटलं होतं, तिला मी हवी होते. मी! केसाने गळा कापलास, ताई. आणि कापताना फुंकर घातलीस.

१७ मार्च

मनगटही. पाचही बोटं गेली की तेही जातं म्हणे.

बॅग भरता येत नाही. चेन लागत नाही एका हाताने.

ताई दारात येऊन सांगून गेली. चिमीला बोलावलंय. माझ्यासाठी. तुझ्यावर अन्याय झाला, तो मीच निस्तरते, म्हणाली. मी तिच्या अंगावर तांब्या फेकला.

चिमीला फोन — लागत नाही. पुन्हा. नाही.

१८ मार्च

लागला. ताईने आधीच सांगितलंय तिला, माझं डोकं ठिकाणावर नाही. चिमी म्हणाली, "उगी गं, मी येतेय ना." मी ओरडले, येऊ नकोस. ती म्हणाली गाडीत बसले, आवाज तुटतोय.

तिला मी चालायला शिकवलं. मी कुणालाही हे करू देणार नाही. देणारच नाही.

१९ मार्च

झोप लागली होती. उठवलंच नाही मला. चिमी आलीसुद्धा.

खिडकीतून दिसतात दोघी. वाळूचा ढीग. पान. लिंपून झालंय. ताई काहीतरी सांगतेय, चिमी हसतेय. बाही वर केली —

खिडकी उघडली. आता हाक —

टेकवला तिने.

करंगळी. माझी करंगळी. हलली. दुखतेय. देवा, किती छान दुखतेय —

ताईने दुसरा साचा पुढे ठेवला. वर बघितलं. माझ्याकडे. मी ओरडत नाही हे बघून मान डोलावली.

ओरडणार आहे. मी ताई नाही. चिमी हात पुसतेय, अजून वेळ आहे. ओरडतेच. फक्त हे एक बोट — सुई धरायला दोन तरी लागतात, चिमे, फक्त