दोन फवारे

शुक्रवार, संध्याकाळ

दुकानातून वर घरी यायला आज एकोणीस पायऱ्या, चार थांबे आणि मधे फोनवर बोलल्याचं एक नाटक, एवढा खर्चा झाला.

सकाळी दवाखान्यात दमेकऱ्यांवर चाललेल्या अभ्यासाची सहामाही तपासणी होती. सातवं वर्ष. त्या दिवशी छातीचा पंप घ्यायचा न्हाई, म्हणजे खरा दम मोजता येतो. मी मात्र दर वेळी तिथल्या संडासात दोन फवारे मारूनच नळीत फुंकतो. परीक्षाच की, नापास कशाला व्हायचं?

आज डॉक्टरीणबाई माझ्यासारख्याच दमेकरी रशीदभाईला म्हणाल्या, "शेठना बघा, सात वर्षांत छाती घसरली नाही." आणि मी, कशाला बोललो! "मॅडम, रोज मोती तलावाला फेरी मारतो. पंप लागतो कुणाला!"

बाहेर बाकावर रशीदभाईच्या छातीतली शिट्टी ऐकू येत होती. कापसाच्या जिनिंगमध्ये आवाजावरून खराब बेअरिंग ओळखलेले माझे कान हे. तो इमानदार माणूस, सकाळपासून पंपाला हात लावला नव्हता.

"शेठ, उद्यापासून माझा बी पंप बंद. तुमच्यासंगं चालायचं, बस."

"अरे, असं एकदम नको."

"तुम्ही सोडला ना? मंग!"

दोन फवारे. सांगावं तर बाईंची सात वर्षं पाण्यात. न सांगावं तर रशीदभाईचा जीव. दोनदा फोन उचलला, दोनदा ठेवला.

सकाळी सहाला तो स्कूटर घेऊन मला न्यायला येणार आहे. मोती तलावावर मी दिवाळीपासून गेलोच न्हाई.