सासूबाईंचा एक्का

तीर्थस्वरूप थोरल्या जाऊबाईंच्या पायाशी धाकटीचा नमस्कार. देवाच्या दयेने आम्ही उभयता हिंडतो-फिरतो आहोत. तुमचा गुडघा जिना चढू देतो की नाही, ते कळवावे. भावजींचा खोकला कसा आहे? (हे ह्यांनी विचारलेलं नाही. मी विचारते आहे.)

काल छापखान्यातून आमच्या घरी आलं ते असं: पत्त्यांचे कॅट पंचवीस, प्रत्येकाला गुळगुळीत डबी, चुकलेल्या छपाईचे मोठे कागद एक गठ्ठा, आणि बिल. ज्या पैशात न्हाणीघराची गळती कायमची थांबली असती, तेवढं बिल. हे पत्र त्याच वाया गेलेल्या कागदाच्या पाठीवर लिहिते आहे. पलीकडून वन्संचे यजमान दोन डोक्यांचे दिसतील, त्याने दचकू नका. फोनच केला असता, पण तुमच्याकडचे आणि आमच्याकडचे, दोघेही निवृत्त होऊन फोनशेजारीच ठाण मांडून बसलेले असतात.

जाऊबाई, तुम्हाला काय नव्याने सांगायचं? इतकी वर्षं दर रविवारी आपण चौघं डावाला बसलो, तुम्ही दोघं एकीकडे, आम्ही दोघं एकीकडे. मला त्या खेळात काडीचा रस नव्हता. मी मनातल्या मनात नामस्मरण करत पानं टाकायची, तरी जिंकायची, आणि भावजी म्हणायचे, हिला देव पानं सांगतो. मग तीन वर्षांपूर्वीच्या त्या रविवारी भावजी ह्यांना म्हणाले, की तू कपाटाच्या काचेत माझी पानं बघतोस. ह्यांनी हातातली पानं टाकली आणि चपला घातल्या. तेव्हापासून आमच्या घरात पत्ते निघाले नाहीत. पाकिटावरच्या पत्त्यालासुद्धा हे ‘ठिकाण’ म्हणायला लागले.

आणि अचानक सहा महिन्यांपूर्वी ह्यांनी जाहीर केलं, की आपल्या घराण्याचा कॅट काढायचा. प्रत्येक पानावर एकेक माणूस. जन्मभर नकाशे काढायच्या कचेरीत गेलेला माणूस, पट्ट्या आणि टोकदार पेन्सिली घेऊन जेवणाचं टेबल अडवून बसला. आम्ही महिनोन्‌महिने ताटं मांडीवर घेऊन जेवतो आहोत. हे तोंडाने कबूल करणार नाहीत, पण बायकोला कळायचं ते कळतंच. भावजींनी पुन्हा समोर येऊन बसावं, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप. सरळ जाऊन ‘दादा, चल, डाव टाकू’ म्हणायला जीभ उचलत नाही, म्हणून बावन्न माणसं कामाला लावली.

वाटणी अशी केली: बदाम तुमच्याकडे, चौकट आमच्याकडे, इस्पिक वन्संकडे आणि किलवर माझ्या माहेरी. (माझ्या माहेरच्यांना काळं का, असं मी विचारलं. हे पेन्सिलीला टोक काढू लागले.) एक्क्यांवर वडीलधारी: इस्पिकवर सासरेबुवा, बदामावर सासूबाई. इथवर ठीक होतं. मग गुलाम आले. घराण्यात गुलाम व्हायला कोणी तयार होईना. वन्संच्या यजमानांना इस्पिकचा गुलाम केलं म्हणून वन्सं तणतणत आल्या आणि म्हणाल्या, “माझ्या नवऱ्याला घरात मी काय समजते ते माझं मी बघीन. छापील नको.” मग त्यांना राजा केलं. ते ऐकून किलवरचा गुलाम झालेला माझा भाऊ अडून बसला. दुऱ्ऱ्या-तिऱ्ऱ्यांना तर कुणी हातच लावेना. शेवटी ज्यांना अजून वाचता येत नाही अशी पोरं तिथे घातली, तर त्यांच्या आया रुसल्या. छापखान्यातली जुळणीवाली बाई मोठी सोशिक. एवढंच म्हणाली, “काका, पानं बावन्न असतात. तुमची माणसं एकसष्ट झालीत.” उरलेल्यांपैकी दोघांना जोकर करावं असं तिने सुचवलं, तेव्हा ह्यांनी मला पुढे केलं. मी नम्रपणे नकार दिला.

खरी अडचण भावजींच्या फोटोची. मागणार कोण? अखेर तुमच्या लग्नातल्या घोळक्याच्या फोटोतून त्यांना कापून बदामाचा राजा केला. त्यांच्या खांद्यावर कुणाचा तरी हात आहे. जुळणीवाली म्हणाली, हा परका हात पुसून टाकते. हे संगणकाच्या पडद्याजवळ वाकले आणि म्हणाले, “राहू दे तो हात.” ह्यांचाच आहे तो.

एकच कॅट छापून मिळत नाही, यंत्र फिरवायचं तर पंचवीस तरी हवेत, हे मला माल घरी आल्यावर कळलं. (मला सगळंच माल घरी आल्यावर कळतं.) काल संध्याकाळी वन्सं आणि त्यांचे यजमान आले आणि पहिला डाव पडला. तो कसा पडला ते ऐका.

यजमानांच्या हातात आल्या सासूबाई. जावई भला माणूस. त्यांनी एक्का कपाळाला लावला आणि वरच्या खिशात, हृदयाशी ठेवला. बदामाचा एक्का कुणाकडे आहे हे सगळ्यांना कळलं. पुढे वन्संनी टाकले सासरेबुवा. माझ्याकडे इस्पिक नव्हतं, हुकूम किलवर, आणि हातात किलवरची तिर्री, म्हणजे माझ्या भावाचा नातू. आता तुम्हीच सांगा, सासरेबुवांना सुनेने मारायचं, आणि तेही माहेरच्या शेंबड्या पोराकडून? मी गुपचूप भलतंच पान टाकलं. हे माझे भिडू, ते वैतागले. “अगं, पान आहे ते,” म्हणाले. मी म्हटलं, मग तुम्ही मारा तुमच्या वडिलांना. त्यांनीही नाही मारलं. डाव मोडल्यावर मी पाहिलं, त्यांच्याकडेही इस्पिक नव्हतं आणि हातात हुकमाची तीन पानं होती. एकूण काय, सगळे हात वडीलधाऱ्यांनी नेले आणि कोण जिंकलं ते कुणालाच सांगता येईना. मग उठताना यजमानांच्या खिशातून सासूबाई खाली पडल्या आणि त्यांच्याच टाचेखाली आल्या. वन्सं रडल्या. यजमान उपाशी घरी गेले.

आता प्रश्न माझा. पत्त्यांना शिवलेला हात धुतल्याखेरीज मी देवाच्या खोलीत पाऊल टाकत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. पण सासूबाई माळ्यावर अडगळीत कशा टाकू? रद्दीत तर मुळीच नाही. म्हणून पंचवीसच्या पंचवीस कॅट देवाशेजारच्या फळीवर रचले आहेत. एका सासूबाईंची सेवा करून मी पार पडले होते, जाऊबाई. आता पंचवीस आहेत. आता रोज त्यांची धूळ पुसायची. आज सकाळीच देवाला म्हटलं, बाबा, बस झालं. मी थकले आहे. पत्त्यांनी नाही, ह्यांच्या गप्प बसण्याने.

भावजींना नमस्कार सांगावा. मुलांना आशीर्वाद. वर पत्त्यांविषयी लिहिलं आहे ते भावजींना वाचून दाखवू नये.

तुमची,
धाकटी

ता. क. वाचून दाखवलंत तरी चालेल.

ता. क. दुसरा. एक कॅट पत्रासोबत पाठवते आहे. चौकटीच्या राजाच्या जागी ह्यांनी आमच्या थोरल्या मुलाला बसवलं तेव्हा मला वाटलं, म्हातारपणी विनय सुचला. आज सगळी पानं लावून बघितली. हे स्वतः बदामाची दुर्री झाले आहेत. तुमच्या घरात, भावजींच्या हाताखाली, सगळ्यांत खालचं पान. मला बोलले नाहीत. भावजींना ते पान तेवढं दाखवा आणि तुम्ही स्वयंपाकघरात निघून जा.

ता. क. तिसरा. पुढल्या रविवारी तुम्ही दोघं येता का, ते उलट टपाली कळवा. येणार असाल तर पाकिटावर ह्यांचं नाव घाला. येणार नसाल तर माझं.