पश्चिमेचा गोळा

राहू, ता. दौंड
रविवार, २३ नोव्हेंबर २०२५

प्रिय महेंद्र,
सस्नेह आशीर्वाद.

तुझे पाकीट गुरुवारी पोचले. मी इकडे बरी आहे. निवृत्तीनंतर भावाकडे, गावी राहायला आले, त्याला आता दीड वर्ष होईल. पोपटच्या गुऱ्हाळाचा हंगाम सुरू झाला आहे. सकाळपासून अंगणात काकवीचा वास असतो आणि माझ्या पुस्तकांवर चुलवणाची राख बसते. ती मी दिवसातून दोनदा पुसते. तुझ्या आईंची प्रकृती उत्तम आहे, हे मी प्रत्यक्षच पाहिले.

बारा तारखेला मी माझ्या जुन्या शोधनिबंधाच्या चूकदुरुस्तीच्या निवेदनाचा मसुदा द्यायला शिरूरला आले होते, हे त्यांनी सांगितलेच असेल. टपालानेही पाठवता आला असता. खरे सांगायचे तर तू घरी नसशील अशीच वेळ मी निवडली होती. तू शिकवतोस त्या कॉलेजचे वेळापत्रक संकेतस्थळावर असते.

आई ओसरीत बाजरी पाखडत बसल्या होत्या. मी नाव सांगितले, तर सूप खाली न ठेवताच म्हणाल्या, “व्हय व्हय, त्या आकाशवाल्या बाई! बसा की. महेंद्रा कालेजात गेलाय.”

मी पाकीट पुढे केले.

“त्या गोळ्याचं हाय का ह्यात?”

“तुम्हाला गोळा माहीत आहे?” मी थक्क झाले होते.

“माहीत? आवं, दोन वर्सं त्यो गोळा आमच्यात जेवायला बसायचा! ह्याच्या हातात भाकरी आन् त्वांड भिंतीकडं. म्या म्हनायची, हाय तर हाय म्हन, न्हाई तर न्हाई म्हन, कालवण गार व्हतंय. मग, हाय का न्हाई शेवटी?”

“नाही,” मी म्हणाले.

“बगा! म्या त्याला म्हनलं व्हतं, बाई शान्या हायेत. त्यास्नी कळंल तवा त्या सोता सांगत्याल.”

मी चहा घेतला. आग्रह झाला म्हणून दुसऱ्यांदाही घेतला.

त्या क्वेसारची हकीकत तुला सांगायला नको. परंतु मसुद्यात मी ती ज्या सफाईने मांडली आहे, ती सफाई टाळून एकदा मलाच लिहून पाहायची आहे. क्वेसार म्हणजे दूरच्या एका दीर्घिकेचा लखलखता गाभा, त्यात प्रचंड कृष्णविवर. त्याच्या दोन बाजूंना झोत निघतात आणि त्यांच्या टोकांशी रेडिओ लहरी फेकणारे वायूचे विशाल गोळे तयार होतात. आपल्या क्वेसारचा पूर्वेकडचा गोळा ठळक होता, पश्चिमेकडे काहीच दिसत नव्हते. अँटेनांच्या नोंदींतले दोष काढण्यासाठी आधी आकाशाचे एक अंदाजी चित्र घ्यावे लागते आणि नोंदी फेरीफेरीने त्याच्याशी जुळवत न्याव्या लागतात. त्या अंदाजी चित्रात मी पश्चिमेलाही एक फिकट गोळा ठेवला, कारण निसर्गाने एकच बाजू पुरी करून हात आखडावा, हे मला पटेना. सहा फेऱ्यांनंतर नकाशात पश्चिमेचा गोळा उमटला.

तू म्हणालास, “मॅडम, तो आपणच घातलाय.” आणि कोऱ्या पश्चिमेपासून सुरुवात करून दाखवलीस, गोळा उमटला नाही. त्यावर मी साऱ्या गटासमोर म्हणाले, “रिकामे ताट मांडायचे आणि जेवण कुठे गेले म्हणून विचारायचे, याला संशोधन म्हणत नाहीत.” सगळे हसले. तूही हसलास. दुसऱ्या दिवशी मात्र शोधनिबंधावरून तुझे नाव काढायला सांगितलेस.

आता तुझ्या दुरुस्त्यांकडे येते. मसुद्यात तू सतरा ठिकाणी काट मारली आहेस. सोळा मान्य. नकाशातली सर्वांत बाहेरची रेघ मी उपकरणांच्या खरखरीच्या, म्हणजे गोंगाटाच्या, दुपटीवर काढली होती, ती तिपटीवर हवी, हे तर माझ्याच शिकवणीतले पहिले पान. ती चूक माझ्या हातून व्हावी, याची लाज वाटली. अकरावी काट मात्र तुझी चूक आहे. आकडा पुन्हा तपास.

उद्या पोपट शिरूरच्या मार्केट यार्डात गूळ घेऊन येणार आहे. हे पत्र त्याच्याच हाती देते आहे, सोबत एक ढेप. रंग फार उजळ नाही, कारण तो रंगासाठी रसात काही घालत नाही. बाजारात उजळ गूळ आधी उचलतात, असे तो म्हणतो. हे मी इथे का लिहिते आहे, ते तुझ्या लक्षात आले असेलच. टाळते आहे.

चौथ्या परिच्छेदात तुझे एकच प्रश्नचिन्ह आहे. मी लिहिले होते: ‘दुसऱ्या एका गटाच्या निरीक्षणांवरून ही चूक लेखिकेच्या लक्षात आली.’ तू ‘लक्षात आली’ याखाली रेघ ओढून समासात लिहिलेस: ‘कधी?’

नियम मीच घालून दिला होता. दुसऱ्याच्या लिखाणावर शाई चालवायची नाही, पेन्सिल वापरायची. चूक दिसेल तिथे काट मारायची. प्रश्नचिन्ह मात्र तिथेच घालायचे, जिथे उत्तर आपल्याला खरोखर ठाऊक नाही. म्हणजे तू टोमणा मारलेला नाहीस, विचारतो आहेस. टोमणा मी सहज परतवला असता. या एका शब्दापाशी तीन दिवस बसले.

तर उत्तर असे. १४ मार्च २०१९, गुरुवार, दुपारी. निबंध छापून चार महिने झाले होते. एका व्याख्यानासाठी आकृती काढताना मी तुझी चाचणी दार लावून, एकटीने करून पाहिली. पश्चिम कोरी राहिली. दुसऱ्यांदा केली. तिसऱ्यांदा केली. मग फाइल बंद केली आणि व्याख्यानात तो गोळा दाखवला. टाळ्या पडल्या.

आणखी एक गोष्ट आहे. ती तू विचारलेली नाहीस, कारण ती तुला ठाऊक असण्याचा संभव नाही. त्याच वर्षी जूनमध्ये तू परदेशातल्या एका संस्थेसाठी माझे शिफारसपत्र मागितलेस. मी तीन वाक्ये लिहिली. ‘महेंद्र रणपिसे कष्टाळू आहेत. वेळेवर येतात. नोंदी व्यवस्थित ठेवतात.’ त्यांतले एकही विधान खोटे नव्हते. अशा पत्राचा आपल्या क्षेत्रात काय अर्थ लावतात, हे वाचणाऱ्यांना ठाऊक होते आणि लिहिणारीलाही. ज्या चाचणीने तू माझ्यापेक्षा चांगला निरीक्षक ठरला होतास, तिच्याविषयी त्यात अक्षरही नव्हते. नकार आल्यावर मी तुला म्हणाले, “स्पर्धा फार असते.”

आज सकाळी निवेदन नियतकालिकाकडे पाठवून दिले. चौथा परिच्छेद आता असा आहे: ‘ही चूक महेंद्र रणपिसे यांनी २०१८ मध्ये, निबंध प्रसिद्ध होण्यापूर्वीच, चाचणी करून दाखवली होती. लेखिकेने तीच चाचणी १४ मार्च २०१९ रोजी केली व तिला तोच निष्कर्ष मिळाला. तिने तो कळवला नाही.’ तुझ्या संमतीसाठी थांबले नाही. माझ्या कबुलीवर तुझी सही मागणे बरे दिसले नसते. तुझी चाचणी हा मात्र स्वतंत्र निबंध आहे, आणि तो एकट्या तुझ्या नावाने जायला हवा. सगळ्या मूळ नोंदी सोबतच्या डिस्कवर आहेत. लिही, अथवा लिहू नकोस. या वेळी वाटेत मी उभी नसेन.

पाठवून झाल्यावर काहीतरी कोसळेल, या अपेक्षेने मी तासभर खुर्चीत बसून होते. काहीच कोसळले नाही. गुऱ्हाळाचे इंजिन चालू होते, तेवढेच. दुपारी मी दोन भाकरी खाल्ल्या, तेव्हा पोपट माझ्या खोलीकडे पाहत म्हणाला, “अक्का, आज राख पुसली न्हाईस व्हय?” पाहिले, तर खरेच. सगळ्या पुस्तकांवर सारखी बसली होती. राहू दिली.

नवा नकाशा समोर टेबलावर आहे. पूर्वेला गोळा, पश्चिमेला काही नाही. सात वर्षांत पहिल्यांदाच तो मला पुरा दिसतो आहे.

हे पत्र आईंना वाचून दाखव. बाईंना कळले की त्या स्वतः सांगतील, असे त्या म्हणाल्या होत्या. ते वाक्य खरे करायला मला फार दिवस लागले, पण आता त्यांच्या ओसरीत बसून चहा घ्यायला माझी हरकत नाही. या खेपेस तू घरी असतानाची वेळ पाहीन.

डावीकडे नेहमीप्रमाणे तुझ्या पेन्सिलीसाठी समास सोडला आहे.

कळूनही उशिरा सांगणारी,
म्हाळसा जगदाळे