उजव्या बाजूचा हेडलाइट

६ नोव्हें., गुरु.
आमच्या साहेबांनी आज पिकअप कॉलनीच्या गेटच्या खांबावर घातली. उजवा हेडलाइट फुटला. ह्यांचं म्हणणं, खांब आधी एवढा पुढे नव्हता. म्हटलं, हो, रात्रीतून सरकला असेल. सातपूरला कारखान्यात एकतीस वर्षं इन्स्पेक्शनला होते. केसाएवढा फरक नुसत्या नजरेने ओळखायचे. रिटायर झाल्यावर ही सेकंडहँड गाडी घेतली, पेठच्या शेतकऱ्यांची भाजी नाशिकला आणतात. गाडीवर जीव माझ्यापेक्षा जास्त. असो.

८, शनि.
नाशिकच्या द्वारका चौकातल्या दुकानातून हेडलाइटची अख्खी असेंब्ली आणली. गॅरेजमध्ये अन्वरभाईंनी खोकं बघितलं आणि हसायलाच लागले. "साहेब, ही तर डाव्या बाजूची. वरती एवढं मोठं छापलंय." साहेब म्हणाले, दुकानदाराने चुकीची दिली. दुकानदार काय करणार, चष्मा ह्यांच्या खिशात. परत द्वारका. मी डबा नेला होता, तिघांनी मिळून खाल्ला.

९, रवि.
बसवला एकदाचा. ग्रिल काढली, एक क्लिप तुटली. वायरचा सॉकेट बसेना तर हे स्वतः गुडघ्यावर बसले आणि बोटांनी चाचपत बसवला. नजर भलतीकडेच.

संध्याकाळी गाडी कॉलनीतल्या बुद्धविहाराच्या भिंतीसमोर उभी केली. पंचवीस फूट टेपने मोजून, भिंतीवर खडूने आडवी रेघ. दोन्ही उजेड रेघेच्या खाली पडायला हवेत. पडत होते, मला स्पष्ट दिसत होतं. ह्यांना नवा मंद वाटला. धुरातून आल्यासारखा, म्हणाले. मग स्क्रू पिळत पिळत रेघेच्या वीतभर वर नेला. "आता बघ, कसा लख्ख." म्हटलं, वर गेलाय. "इन्स्पेक्शनला मी होतो का तू?" मी शाळेत क्लार्क होते, कबूल. पण डोळे मलाही आहेत. रेघ मीच ओल्या फडक्याने पुसली.

१२, बुध.
समोरून येणारे डिपर मारतात म्हणून दोन दिवस चिडचिड. "लोकांना रीतच राहिली नाही." दुपारी अन्वरभाईंना गुपचूप फोन केला. ते म्हणाले, "ताई, लाइट एक नंबर आहे. साहेबांचे डोळे दाखवा. मी बोललो तर माझ्याकडे यायचे बंद होतील."

म्हणजे मी बोलायचं. मोतीबिंदू हा शब्द आमच्या घरात निघत नाही. थोरल्या भाऊजींचं ऑपरेशन बिघडलं, डोळा गेला तो गेलाच. हे त्यांना हात धरून फिरवायचे, शेवटपर्यंत.

१५, शनि.
मी हट्टाने ह्यांच्यासोबत पेठला गेले. पहाटेचा अंधार. घाटाच्या अलीकडे रस्त्याच्या कडेने एक बाई डोक्यावर पाटी घेऊन चाललेली. मला कधीची दिसत होती. मी गप्प. वाटत होतं, आता दिसेल ह्यांना, आता दिसेल. मग मीच ओरडले. गाडी तिच्यापासून हातभरावर थांबली. ती म्हणाली, "एवढा उजेड हाय, तरी दिसत नाय का?" ह्यांनी खाली उतरून हात जोडले. ती गेली. हे परत येऊन स्टिअरिंग धरून बसून राहिले.

शेवटी मी बोलले. लाइट चांगला आहे हो, तुम्हाला दिसत नाही. वाटलं चिडतील. तर म्हणाले, "माहितीये."

माहीत होतं. माहीत असून रोज घाट उतरत होते. असा राग आला, आणि इतकी मायाही, की काय करावं कळेना. उजाडेपर्यंत तिथेच थांबलो. मी हात धरून बसले होते.

१६, रवि.
अन्वरभाईंनी लाइट खाली घेतला. साहेबांनी गाडी तिथेच ठेवली, किल्ली त्यांच्या हातात दिली. "कव्हर घालून ठेवा." घरी येऊन पेठच्या लोकांना फोन केले, पंधरा दिवस येणार नाही म्हणून. पंधरा दिवस म्हणाले, कायमचं नाही.

१८, मंगळ.
डोळ्यांच्या डॉक्टर. दोन्हीकडे मोतीबिंदू, उजवा चांगलाच पिकलेला. तो गुरुवारी काढायचा. आता पूर्वीसारखं राहिलं नाही, बाई छान समजावत होत्या. हे मान डोलावत होते, पण टेबलाखाली पाय थरथरत होता. मी माझा पाय टेकवला.

१९, बुध.
दुपारी मी लिहायला बसले तर हे समोर येऊन बसले.
"बिघडला तर?"
नाही बिघडत.
"तरी. बिघडला तर ही वही मला वाचून दाखवशील?"
म्हटलं, ह्यात तुमच्या तक्रारीच आहेत.
"त्या पाठ आहेत मला. बाकीचं."
मी म्हटलं, मुळीच नाही. स्वतः वाचायची.
"बरं," म्हणाले. उठले नाहीत. मी पान झाकलं नाही. त्यांना वाचता येत नव्हतंच, तरी बघत बसले.