ऑरिनचा होकार

१३ मार्च २००१, मंगळवार

गावसभा. सकाळपासून शाळेच्या व्यायामशाळेत लाकडी बाकावर बसून कंबर धरली. बर्फ उपसायची नवी गाडी घ्यायची की जुनीच दुरुस्त करायची, यावर अख्खी सकाळ गेली. मग हात वर, मोजणी, मंजूर. शाळेच्या पालक संघाने 'पाय' — गोड सारण भरून भाजलेला पदार्थ — विकले. सफरचंदाचा संपला होता, भोपळ्याचा घेतला.

शेजारी हार्लन बसला होता. म्हणाला, "अडेल, तू म्हणे नोकरीतही मतदानच करत असतेस. ठरवता तरी काय?" सांगितलं — दर कंपनीच्या कॉम्प्युटरची ऑपरेटिंग सिस्टीम निराळी. एकीवर लिहिलेला प्रोग्राम दुसरीवरही चालावा म्हणून सगळ्यांनी काय काय पाळायचं, ते आमची समिती लिहून काढते. त्याला मानक म्हणतात. मी त्याची संपादक.

"आणि एखाद्याने नाही पाळलं तर?"

"काही नाही."

"दंड?"

"नाही."

त्याने माझ्या बशीत स्वतःचा उरलेला अर्धा गोड तुकडा सरकवला. कीव आली असावी.

१५ मार्च

गुरुवार, म्हणजे फोनवरची बैठक. अध्यक्ष डेस्मंड पेल इंग्लंडातून. आमची सकाळ, त्याचा दुपारचा चहा. कपबशीचा आवाज येतो आणि मग सभा सुरू होते.

शेवटच्या फेऱ्या आहेत. इतकी वर्षं तीन संस्था तीन पुस्तकं काढायच्या, तीन तऱ्हेची. आता एकच मजकूर, तिघींना मान्य. आणि पहिल्यांदाच — इंटरनेटवर, कुणालाही, फुकट! आजवर हे पुस्तक फक्त कंपन्याच विकत घेऊ शकायच्या. मी स्वतः संपादन केलेली आवृत्ती माझ्या घरात नाही. आमची जुनी कंपनी बुडाली तेव्हा तिची प्रत कुणा वाणिज्य खात्यातल्या माणसाने दाराला अडकण म्हणून नेली.

प्रकाशनगृहाच्या लिनेट हॉइट बैठकीत होत्या. म्हणाल्या, "फुकटचा शब्द जूनअखेरपर्यंतच. आमच्या नव्या साहेबांना हा सगळा वेडेपणा वाटतो. तोवर मंजुरी आणा, नंतरचं मी बोलणार नाही."

डेस्मंड म्हणाला, "वेळ आहे. फक्त ऑरिन सुखरूप पार पडला पाहिजे."

सगळे हसले. मीही.

१६ मार्च

ऑरिनबद्दल. ऑरिन स्टॅकपोल. गिरणीच्या जुन्या इमारतीत आमची कंपनी होती तेव्हा माझ्या शेजारच्या खोलीत बसायचा. आता निवृत्त होऊन शेजारच्या मेन राज्यात, खाडीकाठी. बायको गेली, कोंबड्या आहेत. समितीत अजून आहे, आणि प्रत्येक मसुद्याला त्याचं मत एकच: नाही.

आमच्यात नुसतं नाही चालत नाही. पान, ओळ, हरकत, आणि काय लिहिलं म्हणजे तुझं नाहीचं हो होईल ते नेमके शब्द. शब्द दिले नाहीत तर मत कचऱ्यात. ही शिस्त मुळात ऑरिननेच लावली. नव्या माणसाने भाषण ठोकलं की म्हणायचा, "गुरगुरायला माझ्या कुत्र्यालाही येतं. शब्द दे." दुसरं त्याचं ठरलेलं वाक्य: "आपण इथे नवं काही काढायला बसलो नाही. जे आहे ते लिहायचं. जे असावंसं वाटतं ते घरी जाऊन बायकोला सांग."

त्याची हरकत आली की सगळ्यांकडे पुन्हा मसुदा फिरवावा लागतो. महिना जातो. आणि वैताग हा की बहुतेक वेळा त्याचं बरोबर असतं.

५ एप्रिल

चिखल. गाडी फसली, हार्लनने ओढून काढली. मसुदा रवाना. कागदी गठ्ठा आणि फाइल, दोन्ही.

११ एप्रिल

बोलिव्हियातल्या कोचाबांब्याच्या मास्तरांचं पत्र. हे दरवर्षी लिहितात. तिथल्या कॉलेजात शिकवतात, एका प्रकरणाच्या झेरॉक्सवर अख्खा वर्ग चालवतात. यंदा विचारलंय की फुकट होणार असं ऐकलं, ते खरं का? 'जुलैपासून' असं कळवलं. कळवून टाकल्यावर धास्ती वाटली.

१९ एप्रिल

मतं येतायत. ऑरिनकडून काही नाही. डेस्मंड म्हणतो, शस्त्रं परजत असेल.

३ मे

ऑरिनचं मत आलं. 'हो. शेरा नाही.'

डेस्मंडने ते दोनदा वाचलं. फोनवर चक्क टाळ्या वाजल्या. कुणीतरी म्हणालं, "म्हातारा मऊ पडला." आता एकच छोटी फेरी, शेवटच्या किरकोळ बदलांची, आणि जूनअखेर आरामात गाठता येईल. वर्षभर मी याचसाठी मरतेय.

मला आनंद झाला नाही. या माणसाने मागच्या खेपेला आभाराच्या पानावर हरकत घेतली होती — यादीत स्वतःचं नाव होतं म्हणून! 'या प्रकरणात माझं काही काम नाही. नाव काढावे.' तो कोरा होकार देतो?

४ मे

फोन केला. कोंबड्यांबद्दल बोलला. शेजारणीने नेच्याचे कोंब दिलेत, लोण्यात परतले, त्याबद्दल बोलला. मसुदा कसा वाटला विचारलं तर म्हणाला, "चांगला आहे." ऑरिनच्या तोंडी 'चांगला'! उद्याच जायचं होतं, पण पाहुणे आहेत.

१२ मे, शनिवार

आज मेनला जाऊन आले. पूल ओलांडेपर्यंत ठीक, पुढे सगळा रस्ता धुक्यात.

दार उघडलं, माझ्या खांद्याच्या जरा बाजूला बघून म्हणाला, "कोण?" मी म्हटलं, "अडेल." "मग आत ये ना, दारात काय उभी?" कॉफी ओतली. ओतताना बोट कपाच्या आत धरलं, चटका बसला तेव्हा थांबला. मी बघत होते. त्याला मी बघतेय हे दिसत नव्हतं.

मसुद्याचा गठ्ठा टेबलाखाली. दोरीसुद्धा सोडलेली नाही.

"किती दिवस झाले?" मी विचारलं.

"मधोमध आधी गेलं. कडेकडेचं दिसतं. तू आहेस हे दिसतं, तुझं तोंड नाही. फार नुकसान नाही म्हणा."

"मग होकार का दिलास?"

कप चाचपत टेबलावर ठेवला. मग म्हणाला, "नाही म्हणायचं तर पान, ओळ, शब्द द्यावे लागतात. ते कुठून आणू? तटस्थ राहायचं म्हणजे वाचलं नाही अशी कबुली, आणि न वाचता बसणाऱ्यांना मी इतकी वर्षं फैलावर घेतलंय. राहिलं काय? हो. हो म्हणायला वाचावं लागत नाही, अडेल. निम्मी समिती तसंच करते."

रडू आलं. तो खिडकीकडे बघत होता, तेव्हा डोळे पुसायला हरकत नव्हती.

वाचनालयाने त्याच्या कॉम्प्युटरवर मोठ्याने वाचून दाखवणारा प्रोग्राम बसवून दिलाय. साधा मजकूर सुरेख वाचतो. नाकात बोलतो, पण वाचतो. आमची फाइल लावून दाखवली. बाईच्या आवाजात आलं: "पान एक. चित्र. पान दोन. चित्र. पान तीन. चित्र." प्रकाशनगृह पानांचे फोटो करून पाठवतं, म्हणजे कुणी मजकूर उचलू नये. इंटरनेटवरही असंच येणार आहे. मला माहीत होतं. फुकट आहे ना, मग झालं, असं मीही म्हटलं होतं.

माझ्याकडचा मूळ मजकूर साधा आहे. म्हटलं, गुपचूप पाठवते. "करारात बसत नाही ना? मग नको. चोरून वाचलेल्यावर मत देता येत नाही."

निघताना अंडी दिली. एक गाडीत फुटलं.

१७ मे

बैठकीत विषय काढला. ऑरिनचं नाव घेतलं नाही, त्याने बजावलंय. म्हटलं, ज्यांना दिसत नाही त्यांचं काय? फोटोंच्या जागी साधा मजकूर ठेवता येणार नाही का?

लिनेट म्हणाल्या, "तुम्हाला काय वाटतं, मी विचारलं नाही? साहेब म्हणाले, साधा मजकूर दिला तर उद्या कुणीही छापून विकेल. फोटो, नाहीतर काहीच नाही. अडेल, मला ही नोकरी टिकवायची आहे."

डेस्मंड म्हणाला, "अगं, बोट कष्टाने काठाला लागतेय, आता रंगावरून नको भांडू."

लिनेटनी जाता जाता एक मागणी केली. पहिल्या पानावर एक नवी ओळ हवी: 'हे मानक सर्वांना वाचण्यासाठी खुले आहे.' साहेबांना त्याची जाहिरात करायची आहे. सगळ्यांनी मान्य केलं. टाइप मीच केली.

२० मे

ऑरिनला फोनवर वाचून दाखवलं. वाचून दाखवायला कुठे बंदी आहे? दोन प्रोग्राम एकाच फाइलच्या शेवटी एकदम लिहायला लागले तर काय व्हायला हवं, ते प्रकरण. अर्ध्यात म्हणाला, "थांब. मागे काय म्हणालीस? तिथे म्हटलंय, एकाचं लिखाण दुसऱ्याने पुसता कामा नये. आणि आता म्हणतेस, काय होईल ते ज्याच्या त्याच्या मर्जीवर. दोन्ही कसं खरं?"

पाहिलं. खरंच. डझनावारी शहाण्यांनी डोळे फाडून वाचलं, मीही वाचलं, कुणाला दिसलं नाही.

घसा बसला. सबंध ग्रंथ असा वाचायचा तर आम्हा दोघांचं उरलेलं आयुष्य पुरणार नाही.

२१ मे

डेस्मंडला ती चूक कळवली. म्हणतो, पुढल्या वर्षीच्या दुरुस्तीपत्रकात घालू, जूनवर आच नको. कुणी कळवली विचारलं. ऑरिन म्हटलं. "पण त्याने तर हो म्हटलंय."

मग सगळं सांगितलं. वचन मोडलं तर मोडलं. डेस्मंडने कपबशी खाली ठेवल्याचा आवाज आला. म्हणाला, "मला फार वाईट वाटतंय. पण एका ऑरिनसाठी तुझ्या त्या बोलिव्हियाच्या मास्तरांचं पुस्तक घालवायचं? तसे मास्तर हजारो असतील."

मास्तरांचं पत्र पुन्हा काढून वाचलं.

२८ मे

शहीद स्मृतिदिन. बाबांच्या कबरीवर लाल जिरॅनियम ठेवून आले. काळ्या माश्यांनी कानामागे फोडून काढलं.

संध्याकाळी ऑरिनचा फोन. डेस्मंडने त्याला पत्र पाठवलंय, शेजारणीने वाचून दाखवलं. माझ्यावर उखडला होता. "माझं नाव पुढे करून खोडा घालायचा नाही. ऐक. मी म्हातारा आहे. ते मास्तर तरणे असतील, त्यांना मिळू दे. तू हो म्हण आणि मोकळी हो."

"मास्तरांच्या वर्गात एखादा तुझ्यासारखा असला तर?"

"म्हणजे आंधळा?"

"म्हणजे खडूस."

हसला. पण म्हणाला, "तरी हो म्हण."

७ जून

शेवटची फेरी सुरू. ज्या ओळी बदलल्या, तेवढ्यांवरच हरकत घेता येते. बाकी सगळं बंद. सगळ्यांची मतं भराभर येतायत: हो, हो, हो. माझंही मत असतं. एरवी मी पहिल्या तासात देऊन टाकते. आज दिलं नाही.

एकाने जरी नाही म्हटलं तरी मसुदा पुन्हा फिरेल. जून हुकेल. लिनेटच्या साहेबांना तेवढंच हवं असेल. किंवा ते घाबरतीलही. 'सर्वांना खुले' ही जाहिरात त्यांनी आधीच छापायला दिलीय, असं लिनेट हळूच बोलून गेल्या. का सांगितलं असेल त्यांनी ते?

११ जून

मास्तरांचं उत्तर आलं. जुलैची वाट बघतोय म्हणतात. वर्गाचा फोटो पाठवलाय. बघत बसले, मग उलटा ठेवला.

झोप लागत नाही. परसातला आंबट देठांचा रुबार्ब उतू चाललाय, मुरंबा करायला हवा. पहिलं पान काढून पुन्हा वाचलं. सगळ्या ओळी ठीक आहेत, एक सोडून. ती मीच टाइप केली.

जे आहे ते लिहायचं. आम्ही एवढंच तर करतो.

१४ जून

डेस्मंडचा फोन: "फक्त तुझंच राहिलंय. विसरलीस वाटतं."

१५ जून

मत पाठवलं. नाही.

पान पहिले, ओळ चौथी. हरकत: हे खरे नाही.

हवे असलेले शब्द: 'हे मानक ज्यांना डोळ्यांनी दिसते त्यांना वाचण्यासाठी खुले आहे.'