बॉयलरचा कापूस

परभणी, १९९१

उदार मनाचे मॅनेजरसाहेब,

गिरणीच्या बॉयलरवरचं जुनं अॅस्बेस्टॉस तुम्ही कामगारांना फुकट वाटलंत. ‘याला कसर लागत नाही’ म्हणालात. माझ्या बहिणीनं, सगुणानं, ते हातानं पिंजून वर्षानुवर्षं उशा भरल्या. आता तिच्या फुप्फुसाच्या आवरणाला कॅन्सर झालाय. डॉक्टर बरगड्यांमधून पाणी काढतात, ते पुन्हा भरतं. ऑपरेशनची वेळ गेली. औषधानं दम तेवढा हलका होतो.

काल तुम्ही भेटीला आलात. नाकाला अत्तराचा रुमाल लावून विचारलंत, “बाई विडी ओढायच्या का?”

सगुणा म्हणाली, “भाऊ, सायबाला टेकायला उशी दे की.”

तुम्ही झटकन मागं सरलात. म्हणजे ठाऊक होतं! मला तुमची शिसारी आली.

हे पत्र टाकणार नाही. मेहुणे अजून तुमच्याच बॉयलरवर आहेत, आणि तिचं औषध त्याच पगारातून येतं.

उद्या गेटवर तुम्हाला हसून रामराम घालणारा,
सूर्यभान मास्तर